तेरा सामने, तेरा विजय, आणि तरी बाहेर

(कोलंबस, ओहायो येथे संक्रांतीच्या मेळाव्यात १८ जानेवारी २०२५ रोजी केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ झाला, आता मला दिलेली पंधरा मिनिटं.

परवा सोमवारी अटलांटात ओहायो स्टेट, म्हणजे आपल्या गावचं विद्यापीठ, आणि नोटर डेम यांचा कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना आहे. आपल्यापैकी किती घरांत त्या संध्याकाळी दुसरं काही होणार नाही, ते मला माहीत आहे. माझी मुलगी ओहायो स्टेटलाच शिकते, तेव्हा आमच्याकडे तर काही विचारूच नका. पण आज मला त्या सामन्याविषयी बोलायचं नाही. त्या सामन्यात कोण खेळणार, हे ठरतं कसं आणि ठरायला हवं कसं, याविषयी बोलायचं आहे.

भारतातून आलेले बरेच आई-बाबा समोर बसले आहेत, म्हणून आधी थोडं सांगतो. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात यंदा १३४ संघ होते. हंगामात एकेका संघाच्या वाट्याला जेमतेम १२ सामने येतात. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून १९३६ पासून असोसिएटेड प्रेसचे पत्रकार मतदान करून पहिला नंबर जाहीर करू लागले, आणि १९५० पासून प्रशिक्षकांचं वेगळं मतदान सुरू झालं. १९९७ च्या हंगामात पत्रकारांनी मिशिगनला पहिलं ठरवलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोन्ही संघ अपराजित. दोघांची मैदानावर गाठ पडलीच नाही, आणि दोघेही आजवर त्या वर्षीचे विजेते म्हणून मिरवतात. एनसीएए ही कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणारी संस्था कुस्तीपासून पोहण्यापर्यंत सगळ्या खेळांचे विजेते ठरवते, पण या एका गटाच्या फुटबॉलचा विजेता तिने आजवर ठरवलेला नाही. त्याच्या खालच्या गटात मात्र १९७८ पासून सरळ बाद फेरी खेळवली जाते. पोरांचा अभ्यास बुडेल, वेळापत्रकात बसणार नाही, ही कारणं मी इतकी वर्षं ऐकतोय. खालच्या गटातल्या मुलांनाही परीक्षा असतातच की.

आता १ जानेवारी २०१८ ची गोष्ट. मी मूळचा नागपूरचा. त्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास भावाचा फोन आला. तिकडे दुपार उलटली होती. पलीकडून नुसता आरडाओरडा, मला काही कळेना. मग कळलं, इंदूरला विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवलं आणि रणजी करंडक जिंकला. ज्या विदर्भाने त्याआधी अंतिम सामना कधी पाहिला नव्हता, त्या विदर्भाने! उपांत्य सामन्यात कर्नाटकला अवघ्या ५ धावांनी मागे टाकलं होतं, आणि अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फजल कर्णधार. आम्ही लहान असताना मुंबईची पोरं विदर्भाला मोजायचीसुद्धा नाहीत. पण मोजत नाहीत म्हणून कुणी विदर्भाला उपांत्य फेरीतून काढून टाकलं नाही. गटात गुण मिळवले, पुढे गेले, जिंकले.

त्याच दिवशी दुपारी, डोळ्यांवर झोप असताना, मी टीव्हीवर पीच बोल बघत होतो. बोल म्हणजे हंगाम संपल्यावरचा मानाचा सामना. सेंट्रल फ्लोरिडा विरुद्ध ऑबर्न. दोन वर्षांपूर्वी, २०१५ मध्ये, सेंट्रल फ्लोरिडाचा संघ बाराच्या बारा सामने हरला होता. आणि २०१७ मध्ये एकही हरलेला नव्हता. त्यांचा शकीम ग्रिफिन नावाचा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, होता. चार वर्षांचा असताना त्याचा डावा पंजा काढावा लागला होता. एका हाताने तो गडी ऑबर्नच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, पुन्हा पुन्हा लोळवत होता. सेंट्रल फ्लोरिडा जिंकलं, ३४-२७. तेरा सामने, तेरा विजय. आणि हे ऑबर्न कोण? त्याच हंगामात ज्यांनी जॉर्जियालाही हरवलं होतं आणि अलाबामालाही. आठवड्याभराने राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळले कोण? अलाबामा आणि जॉर्जिया. संघ निवडणाऱ्या समितीच्या शेवटच्या यादीत सेंट्रल फ्लोरिडाचा नंबर बारावा होता आणि विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, जागा होत्या चार.

रात्री मी भावाला फोनवर हे सांगत होतो. तो म्हणाला, "मग ते हरले कुठे?" मी म्हटलं, हरलेच नाहीत. "मग बाहेर कसे?" मला उत्तर देता आलं नाही. सात वर्षं झाली, अजून देता येत नाही.

मंडळी, मला सलते ती गोष्ट हीच. समितीत १३ माणसं असतात. ती जाणकार आहेत, मेहनती आहेत, त्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण त्यांना विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे. "उत्तम संघ कोणते?" हा प्रश्न माणसाला विचारलात की तो नाव बघणार, घराणं बघणार, हे कोणाशी खेळले तर काय होईल याचा अंदाज बांधणार. त्यातूनच २०२३ घडलं. फ्लोरिडा स्टेट अपराजित, आपल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या संघटनेचे, विजेते, १३-०. पण १८ नोव्हेंबरला त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. पुढचे दोन्ही सामने राखीव क्वार्टरबॅक घेऊन ते जिंकले, त्यातला दुसरा तर तिसऱ्या नंबरच्या, पहिल्या वर्षाच्या पोराच्या भरवशावर. समितीने त्यांना पाचवं ठेवलं आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथं. ट्रॅव्हिसने तेव्हा लिहिलं, त्याचा आशय असा होता की माझा पाय हंगामात आधीच मोडायला हवा होता, म्हणजे हा संघ एकट्या माझ्यावर उभा नाही हे तुम्हाला दिसलं असतं. तेवीस वर्षांच्या पोराला स्वतःच्या मोडलेल्या पायाबद्दल अपराधी वाटावं! पुढे ऑरेंज बोलमध्ये फ्लोरिडा स्टेट ६३-३ असं हरलं, तेव्हा लोक म्हणाले, बघा, समितीचं बरोबर होतं. त्या सामन्यात त्यांचे कितीतरी मुख्य खेळाडू उतरलेच नव्हते, हे कोण सांगणार?

आणि आपण कोलंबसकरांनी तर हे बोलायलाच हवं. आठवा २०१४. प्लेऑफचं पहिलंच वर्ष. ऑगस्टमध्ये आपला मुख्य क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर जायबंदी. मिशिगनच्या सामन्यात त्याच्या जागी आलेल्या जे. टी. बॅरेटचा घोटा मोडला. तिसऱ्या नंबरचा कार्डेल जोन्स आला, विस्कॉन्सिनला ५९-० हरवलं, समितीने चौथी जागा दिली, आणि आपण अलाबामा, मग ऑरेगन, असे दोन्ही सामने जिंकून विजेते झालो. तिसरा क्वार्टरबॅक घेऊन विजेतेपद मिळू शकतं याचा पुरावा आपल्या गावात आहे. त्या वर्षी आपल्याला मिळालेली संधी नऊ वर्षांनी फ्लोरिडा स्टेटला नाकारली गेली.

यंदापासून जागा बारा झाल्या, ते चांगलं झालं. पाच कॉन्फरन्स विजेत्यांना हमखास प्रवेश, हेही चांगलं. पण उरलेल्या सात जागा अजून समितीच्या नजरेवर आहेत आणि वादही तिथेच आहे. अलाबामा तीन सामने हरलं म्हणून बाहेर राहिलं, सदर्न मेथडिस्ट आत आलं आणि पेन स्टेटकडून ३८-१० हरलं. लगेच ओरड झाली की यांना घेतलंच कशाला. त्याच दिवशी संध्याकाळी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, इथे आपल्या स्टेडियममध्ये टेनेसी ४२-१७ हरलं. टेनेसीला कशाला घेतलं, असं कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. सोळा संघ घ्या. २०२४ च्या हंगामात विजेता ठरवणाऱ्या नऊ कॉन्फरन्स होत्या, नऊही विजेते आत. कुणाच्या पसंतीचा प्रश्नच नको. उरलेल्या सात जागांसाठी गुणांचं गणित ऑगस्टमध्ये, पहिला चेंडू उडण्याआधी, जाहीर करा. नोटर डेम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, त्यांनी या सातांतून यावं. गणित म्हटलं की लोकांना मतदान आणि संगणक यांवरून अंतिम सामन्याचे संघ ठरवणारी जुनी बीसीएस पद्धत आठवते, १९९८ ते २०१३ ची, आणि ते दचकतात. पण तिथली संगणकांची बहुतेक सूत्रं गुप्त होती. एकच पूर्ण उघड होतं, कॉली नावाच्या गृहस्थांचं. २०१० मध्ये त्यात खालच्या गटातला एक सामना नोंदायचा राहिला होता. बाहेरच्या एका माणसाने ते पडताळलं, चूक सापडली, दुरुस्त झाली आणि बॉइझी स्टेट व एलएसयू (लुइझियाना स्टेट) यांच्या जागांची अदलाबदल झाली. उघड गणितातली चूक अशी धरता येते. बंद खोलीतल्या चर्चेतली चूक धरायची कुणी आणि कशी?

दुसरी गोष्ट, घरचं मैदान. उपांत्यपूर्व फेरीपर्यंतचे सगळे सामने कॉलेजच्याच मैदानांवर व्हावेत. यंदा ऑरेगन १३-० होतं, त्यांनी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या गावी यूजीनला आपल्याला ३२-३१ असं हरवलंही होतं. त्याचं त्यांना बक्षीस काय? तीन आठवड्यांची सुट्टी आणि रोझ बोलमध्ये पुन्हा आपणच. थेट उपांत्यपूर्व फेरीत गेलेले चारही संघ तिथेच हरले. पहिल्या फेरीतले चार यजमान संघ मात्र आपल्या अंगणात खेळले. हंगामभर जिंकलेल्याला घरचं मैदान मिळालंच पाहिजे, आणि कॉन्फरन्स न जिंकलेल्याने पहिला सामना कायम परक्या मैदानावर खेळावा.

मला माहीत आहे, काही जणांच्या मनात काय आलं ते. ३० नोव्हेंबरला मी आणि मुलगी आपल्या स्टेडियमच्या वरच्या सी डेकमध्ये बसलो होतो. मिशिगनने १३-१० असं हरवलं, खाली मैदानाच्या मधोमध झेंड्यावरून मारामारी झाली, मुलगी गाडीपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी आपण कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातली जागाही गमावली. माझा नियम असता तर टेनेसी इथे आलंच नसतं. आपल्याला डिसेंबरात प्रवास करावा लागला असता, कदाचित बॉइझीला, त्या निळ्या मैदानावर, कारण ते त्यांच्या कॉन्फरन्सचे विजेते होते आणि आपण नव्हतो. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती आधी रागावली. थोड्या वेळाने फोनवर आयडाहोची विमानं शोधून म्हणाली, "बाबा, शिकागोला बदलावं लागेल."