आवाज फाटतोय? स्पीकर बदलायच्या आधी गेनचा स्क्रू पाहा

राजेहो, आधी हे ऐका.

(गाणं दहा सेकंद. मग बंद.)

ऐकलं न? ढोलकी कुठे, खंजिरी कुठे, काही पत्ता लागत नाही. नुसतं भर्रर्र. माझ्या मागे उभी आहे ती बोलेरो आज सकाळी आर्णीकडून दारव्ह्याला आली. या पोरानं वर्षभरात दाराचे स्पीकर दोनदा बदलले. आज तिसरी जोडी घ्यायला आला होता. म्हणे, "काका, मागचे डुप्लिकेट निघाले, आता भारीतले टाका." मी म्हटलं, बापा, पैसे राहू दे खिशात. आधी सीट उचल, ॲम्प दाखव.

ॲम्प, म्हणजे गाण्याला ताकद देणारा डबा, पाहिला आणि समजलं. गेन फुल, बास बूस्ट फुल. वरून टेपमध्ये, म्हणजे समोरच्या म्युझिक सिस्टिममध्ये, लाउडनेस चालू. तीन ठिकाणी मिरची टाकली तर भाजी तिखटच होणार न! यात स्पीकरची काही चूक नाही.

आवाज फाटतो म्हणजे होते काय, हे दोन मिनिटं समजून घ्या. पऱ्हाट्यांनी उंच भरलेली बैलगाडी तुम्ही ठेंगण्या फाटकातून ओढली तर काय होईल? वरचा थर खरडून निघेल, माल सपाट होऊन बाहेर येईल. ॲम्पला किती व्होल्ट बाहेर देता येतात याची एक हद्द असते, तेच आपलं फाटक. गाण्याची लाट त्याच्यापेक्षा उंच केली की तिचा शेंडा कापला जातो. याला म्हणतात क्लिपिंग. आणि पोरांना पटत नाही ती गोष्ट पुढे आहे. लाट कापली की वॅट कमी होत नाहीत, वाढतात. गोल लाटेच्या जागी पूर्ण चौकोनी लाट झाली तर त्याच उंचीत दुप्पट पॉवर निघते. म्हणजे साफ १०० वॅट देणारा ॲम्प फाटून वाजताना २०० वॅटच्या आसपास फेकू शकतो. ती सगळी उष्णता जाते स्पीकरच्या कॉइलमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीत.

(काढलेला जुना स्पीकर कॅमेऱ्याजवळ.)

हा त्याच्या गाडीतून आधीच्या वेळी निघालेला. कोनवर, म्हणजे समोरच्या पडद्यावर, चारी बोटं सारखी ठेवा, हलक्या हातानं आत दाबा. येतोय आवाज? खर्र, खर्र. आत कॉइल वाकडी झाली, मॅग्नेटला घासते. आता नाकाजवळ न्या. जळक्या वार्निशचा वास. हा वास मी एकदा ओळखला तो जन्मात विसरणार नाही, कारण या धंद्यात नवा होतो तेव्हा गिऱ्हाइकासमोर माझ्याच हातानं नवा कोरा वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, जाळला होता. गेनला व्हॉल्यूम समजून फिरवत गेलो. त्या वूफरचे पैसे माझ्या खिशातून गेले.

मग शोधायचं कुठून? जिथून गाणं निघतं तिथून. पहिले गाणंच तपासा. व्हॉट्सॲपवर दहा ग्रुप फिरून आलेलं, नाही तर वरातीच्या डीजेनं फुगवलेलं गाणं मुळातच फाटलेलं असतं, त्याला गाडी काय करेल? माझ्याकडे तपासायला एक साफ रेकॉर्डिंगचं खंजिरी भजन आहे, तुकडोजी महाराजांचं. हसू नका. खंजिरीच्या त्या बारीक चकत्या सुट्या सुट्या ऐकू आल्या, छिन छिन, तर वरचा आवाज ठीक. एकात एक मिसळून पत्रा फाटल्यासारखं झालं, तर कुठेतरी कापाकापी चालू आहे.

फोनमधलं इक्वलायझर बंद करा. टेपमधलं बास, ट्रेबल शून्यावर, लाउडनेस बंद. आणि दाराला तळहात लावून पाहा. आपल्या पांदण रस्त्यानं दाराच्या पॅनलच्या क्लिपा ढिल्या होतात, त्या बासवर वाजतात आणि बदनाम होतो स्पीकर. पॅनल दाबल्यावर आवाज गेला तर स्पीकर चांगला आहे. मागच्या महिन्यात एका काकाजींच्या गाडीत अर्धा तास शोधलं, शेवटी दाराच्या खणात अडकित्ता निघाला.

आता अर्थिंग. इथे थोडं थांबू, कारण निम्मी भानगड इथेच असते.

(सीटखाली, अर्थच्या बोल्टवर कॅमेरा.)

हे पाहा. ॲम्पची काळी वायर सीटच्या बोल्टला दिली आहे, आणि खाली रंग तसाच. रंगातून करंट जात नाही राजेहो! बोल्टच्या आट्यातून जो काय थोडाफार जातो तेवढ्यावर ॲम्प चालला होता. मी काय केलं, बाजूला चेसिसला जोडलेला जाड पत्रा पाहिला, सँडपेपरनं रुपयाच्या नाण्याएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली, वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूची रिंग, दाबून बसवली, बोल्ट कसला, वरून ग्रीस लावलं. ग्रीस यासाठी की पावसाळ्यात गंज धरू नये. वायर दीड फुटाच्या आत ठेवली. आता मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसला, एक ॲम्पच्या ग्राउंडला, गाणं जोरात. सकाळी इथे ०.९ व्होल्ट दाखवत होता. आता ०.०८. हे ०.१ ते ०.२ च्या आत पाहिजे. इंजिन चालू असताना ॲम्पच्या प्लसवर १३.८ ते १४.४ मिळाले पाहिजेत. बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावत असेल तर ॲम्प उपाशी आहे समजा. आणि उपाशी ॲम्प लवकर फाटतो, कारण त्याचं फाटकच ठेंगणं होते.

वायर पण तशीच जाड पाहिजे. साधा हिशोब करा. ५०० वॅट भागिले १३.८, झाले ३६ अँपिअर, आणि हे ॲम्प काहीच वाया घालवत नाही असं धरून. एबी क्लासचा ॲम्प बरंच उष्णतेत घालवतो, म्हणून ६० च्या आसपास धरा. त्याला ४ गेजची तांब्याची वायर लागते. बाजारात स्वस्त मिळते ती बरेचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. चाकूनं एक तार खरडा, आत पांढरी निघाली तर समजून जा. आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकल्याशिवाय वायर पुढे नेऊ नका. वायर कुठे पत्र्याला घासली तर गाडी पेटते. यात मस्करी नाही.

आता मुद्द्याचं, गेन. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही. टेपमधून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांचं माप जुळवायचा तो स्क्रू आहे. टेपनं आपला सगळ्यात मोठा साफ आवाज दिला, की त्याच वेळी ॲम्पनं आपला सगळ्यात मोठा साफ आवाज द्यावा. एवढंच त्याचं काम.

म्हणून आधी टेपची हद्द काढायची. १००० हर्ट्झचा टोन, म्हणजे एकाच सुराची फाइल, लावा, गेन अगदी कमी. शिट्टीसारखा सूर येईल. व्हॉल्यूम एकेक घर वाढवा. एका जागी सुराला काटे फुटतात, शिट्टीच्या मागे भुणभुण येते. या टेपचा व्हॉल्यूम ४० पर्यंत जातो, ३३ वर काटे आले. म्हणून मी ३० वर थांबलो. याच्या पुढचे आकडे शोभेचे.

आता स्पीकरच्या वायरी ॲम्पमधून काढा. विसरू नका, नाही तर माझ्यासारखं वूफर भरून द्यावं लागेल. टेपचा व्हॉल्यूम त्या ३० वरच, फिल्टर बंद, बास बूस्ट शून्य, गेन शून्य, इंजिन चालू. टोन ५० हर्ट्झचा, शून्य डीबीवाला, म्हणजे पूर्ण जोराचा. ५० च काहून? स्वस्त मीटर घरच्या लाइटसाठी बनते, आणि आपली लाइन ५० हर्ट्झची आहे. हजारावर तेच मीटर चुकीचं दाखवू शकते. मीटर आता एसी व्होल्टवर, टोकं ॲम्पवर स्पीकरच्या वायरी होत्या तिथे.

किती व्होल्ट पाहिजेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. या ॲम्पचं आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी साफ पॉवर, ६० वॅट, स्पीकर ४ ओहम. ६० चोक २४०, वर्गमूळ १५.५. बस. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेले मॅक्स वॅट वाचू नका, बारीक अक्षरातलं आरएमएस वाचा. टेपवर ५० गुणिले ४ लिहिलेलं असते तेही तसंच, साफ आवाजात चॅनलमागे २० वॅटच्या आसपास निघतात. ॲम्प मोठा आणि स्पीकर लहान असेल तर लहान आकडा धरा.

(मीटर जवळून.)

आधी त्यानं गेन जिथे ठेवला होता तिथे नेऊन मीटर काय म्हणते पाहा. २१. एकवीसचा वर्ग ४४१, भागिले ४, झाले ११०. साठ वॅटच्या जागी एकशे दहा, आणि तेही कापलेले! आता स्क्रू खाली. हळू... १८... १६... १५.५. थांबा. पाहा स्क्रू कुठे आला, पाव फेराही नाही. वूफरचा ॲम्प २५० वॅट, ४ ओहम, त्याला ३१.६ व्होल्ट. तिथे लो पास, म्हणजे फक्त खालचे सूर सोडणारा फिल्टर, सगळ्यात वर नेऊन ठेवायचा, नाही तर फिल्टरच टोन खाईल आणि तुम्ही गेन वाढवत बसाल.

वायरी परत जोडताना प्लस-मायनस पाहून. शंका आली तर दीड व्होल्टचा सेल घ्या, स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर उडी मारतो. एक बाहेर, एक आत, असं असेल तर बास एकमेकांना खातो. मग माणूस बास कमी येतो म्हणून बूस्ट वाढवतो, आणि गाडी परत माझ्या दारात. आणि ॲम्प ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनल एकत्र जोडून, त्यावर ४ ओहमचे दोन वूफर पॅरलल टाकू नका. ते २ ओहम होतात. बऱ्याच ॲम्पला ब्रिजमध्ये ते झेपत नाही, ॲम्प प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो.

फिल्टरचं थोडक्यात. दाराचे सहा इंची स्पीकर, हाय पास, म्हणजे फक्त वरचे सूर सोडणारा, ८० हर्ट्झ. वूफर, लो पास ८०. लहान स्पीकरला खालचा बास वाजवायला लावणं म्हणजे वासराला नांगराला जुंपणं. इथून पुढे मीटर बाजूला ठेवून कानानं. गाणाऱ्या बाईचा 'स' आणि 'श' कानाला टोचत असेल तर ट्रेबल एक घर कमी करा. वाढवण्यापेक्षा कमी करत चला.

रेस दिली की शिट्टी वर चढते, रेस सोडली की उतरते, ही अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोची. आरसीएची वायर, म्हणजे टेपचा सिग्नल ॲम्पला नेणारी, ॲम्पमधून काढून पाहा. शिट्टी गेली तर ती टेपकडून येते. आरसीए एका बाजूनं, बॅटरीची वायर दुसऱ्या बाजूनं टाका. तरी राहिली तर परत अर्थिंगवर या.

आपल्याकडची एक गोष्ट वेगळी सांगतो. मे महिन्यात बाहेर ४५ असते, बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त. सीटखाली ॲम्प, वरून चटई, आणि खाचांत कापसाचे तंतू अन् धूळ. अर्ध्या तासात गाणं बंद पडते, थंड झालं की आपोआप चालू. लोक म्हणतात ॲम्प खराब. अरे बापा, त्याला श्वास घेऊ दे! चार बोटं जागा सोडा, महिन्यातून एकदा ब्रशनं खाचा साफ करा.

(तेच गाणं, व्हॉल्यूम ३०.)

ऐका. ती ढोलकी, आणि मागे... ही खंजिरी. जुना ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, तेवढा डावीकडचा अर्धा जळलेला आहे, तो बदलावा लागेल. बाकी याच्या गाडीत आज मी एकही स्पीकर विकला नाही. गेनच्या स्क्रूवर घरून आणलेली नेलपेंट लावली आहे, लाल खूण. पोरगा विचारतो, "काका, लग्नात थोडासा वाढवला तर?" मी त्याच्या हातात तो जळका स्पीकर दिला अन् म्हटलं, घे, वास घे.