परांचीवरून दिसलेली मोटार

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, रस्त्यापासून कित्येक मजले उंच टांगलेल्या परांचीवर उभे राहून जेम्स रोझेनक्विस्ट जाहिरातींचे अवाढव्य फलक रंगवीत असत. नॉर्थ डकोटात १९३३ साली जन्मलेला हा तरुण चित्रकला शिकण्यासाठी या शहरात आला होता आणि १९५७ पासून पुढची तीन वर्षे फलक रंगवून त्याने पोट भरले. हातात छोटे छापील चित्र, त्यावर आखलेले चौकोन, आणि तेच चौकोन भिंतीवर अनेक पटींनी मोठे करून भरायचे, अशी कामाची रीत होती. खालून चालणाऱ्याला हसरा चेहरा किंवा चकाकणारी मोटार दिसे; रंगवणाऱ्याच्या नाकासमोर मात्र रंगाचा एक निरर्थक पट्टा तेवढा असे. वस्तूचा मोह कसा तयार केला जातो, हे त्यांना या हातभर अंतरावरून कळले. दोन सहकारी परांचीवरून पडून मरण पावल्यानंतर, १९६० मध्ये, त्यांनी हे काम सोडले.

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला कोएन्टीज स्लिप या गल्लीत त्यांनी स्टुडिओ घेतला आणि जाहिरातीची तीच रीत, तेच सफाईदार रंगकाम, कोणतीही वस्तू विकायची नसताना वापरायला सुरुवात केली.

आता पडद्यावर दिसणारे चित्र १९६१ सालचे आहे. त्याचे नाव ‘आय लव्ह यू विथ माय फोर्ड’. चित्राचे तीन आडवे पट्टे आहेत. वर फोर्ड मोटारीचा दर्शनी भाग, मध्ये एकमेकांना बिलगलेल्या जोडप्याचे चेहरे, आणि खाली नारिंगी सॉसमध्ये लडबडलेल्या शेवयांसारख्या स्पॅगेटीचा ढीग. शीर्षकातला ‘विथ’ हा शब्द नीट ऐकावा. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ या वाक्यात मोटार शिरते आणि ती प्रेमाचे साधन होऊन बसते. चित्रातही ती त्या दोघांच्या डोक्यावर, सर्वांत वरच्या जागी विराजमान आहे.

पण यातली सर्वांत मार्मिक गोष्ट मोटारीच्या निवडीत आहे. ही फोर्ड १९५० सालची, म्हणजे चित्र रंगवले तेव्हा जवळजवळ अकरा वर्षे जुनी होती. अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांनी तोवर दरवर्षी नवे मॉडेल काढण्याची प्रथा पक्की रुजवली होती. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकातच हे धोरण आखले, आणि हार्ली अर्ल यांच्या रचना विभागाने पत्र्याला नवनवे आकार व शेपटाकडे उंच पंख देऊन, गेल्या वर्षीची धडधाकट गाडी मालकाच्या नजरेत म्हातारी करून टाकली. रोझेनक्विस्ट यांचे म्हणणे असे होते की नवी गाडी काढली तर लोकांचा जीव तिच्यात गुंतेल, आणि फार जुनी काढली तर ते आठवणींनी हळवे होतील. म्हणून त्यांनी मधली, कोणाच्याच मनात नसलेली गाडी घेतली. हाव आणि हळवेपणा दोन्ही काढून घेतल्यावर मोटारीचे काय उरते, हे त्यांनी दाखवले. आमच्या मते चंगळवादावरची इतकी नेमकी टीका त्या काळच्या चित्रांत क्वचितच सापडेल.

१९६० मध्ये सुरू करून १९६४ मध्ये पूर्ण केलेल्या ‘प्रेसिडेंट इलेक्ट’ या चित्रात जॉन केनेडी यांचा प्रचारफलकावरचा चेहरा, केकचा तुकडा धरलेला बाईचा हात आणि शेवरले मोटारीचा काही भाग शेजारी शेजारी येतात. स्वतःची जाहिरात करणाऱ्या या माणसाने दिलेले वचन म्हणजे अर्धी शेवरले आणि शिळ्या केकचा तुकडा, असे चित्रकाराने स्वतः सांगितले आहे. गाडी अर्धीच रंगवली आहे, हे येथे मुद्दाम पाहावे.

त्यानंतर १९६५ मध्ये लिओ कॅस्टेली यांच्या गॅलरीत ‘एफ-१११’ मांडले गेले. सुमारे २६ मीटर लांबीचे आणि २३ भागांचे हे चित्र खोलीच्या चारही भिंतींवर फिरत गेले होते. व्हिएतनामचे युद्ध पेटत असताना बांधल्या जात असलेल्या एफ-१११ याच नावाच्या लढाऊ विमानाच्या अंगावर केक, विजेचे दिवे, केस वाळवण्याच्या यंत्राखाली बसलेली लहान मुलगी, अणुस्फोटाचा ढग आणि एक भलामोठा टायर अशा गोष्टी येतात. दुकानात जाणारा पैसा आणि करातून शस्त्रांकडे वळणारा पैसा एकाच कातडीखाली वाहतो, ही त्यामागची रोझेनक्विस्ट यांची तळमळ होती.

ती खोली लहान होती आणि पाहणाऱ्याला मागे सरकायला जागा नव्हती. टायरसमोर उभे राहिल्यावर नक्षीच्या खाचा नजरेत मावेनाशा होत आणि डोळ्यांपुढे काळ्या-करड्या रंगाचे पट्टे तेवढे उरत, जसे ते परांचीवर उभ्या असलेल्या रंगाऱ्याच्या डोळ्यांपुढे उरत असत.