‘टॉम अँड जेरी’मधल्या त्या बाईचे काय करायचे?

अध्यक्ष महोदय आणि उपस्थित सभासदहो,

सुट्टीतल्या बालमेळ्यात ‘टॉम अँड जेरी’चे जुने भाग दाखवावेत की नाही, यावर कार्यकारिणीत बराच खल झाला. १९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आल्यावर ज्यांच्या दुपारी या जोडगोळीच्या संगतीत गेल्या, त्यांना हा प्रश्नच अनाठायी वाटेल. मला तो तसा वाटत नाही.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० साली एमजीएम या अमेरिकी चित्रपट कंपनीसाठी केलेल्या पहिल्या लघुपटात मांजराचे नाव टॉम नसून जॅस्पर होते; घर सांभाळणारी कृष्णवर्णीय मॅमी टू शूज मात्र तेव्हापासूनच होती. पडद्यावर तिचे बहुधा कमरेखालचेच दिसते: झगा, ॲप्रन, पायमोजे आणि सपाता. आणखी एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर काढीन, असा दम ती मांजराला भरते आणि त्या भरात ‘आउट’चे स्पेलिंग चुकवते. हसायचे ते तिच्या अडाणीपणाला. इस्त्री डोक्यात पडून चपटा झालेला टॉम पुढच्याच क्षणी उठून पळतो, म्हणून त्याला हसताना मन खात नाही. पण लठ्ठ, तापट, अशिक्षित मोलकरणीचा हा साचा चित्रपटगृहाबाहेरही खऱ्या बायकांच्या माथी मारला जात होता.

या बाईला आवाज दिला तो लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने. रेडिओवर तिचे नाव झालेले असूनही या लघुपटांच्या श्रेयनामावलीत ते नव्हते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’सारख्या संघटनांनी अशा भूमिकांना विरोध केला, तेव्हा या भूमिका करणाऱ्या कलावंतांच्या पोटापाण्याचाही प्रश्न होताच. १९५२ नंतर हे पात्र दिसेनासे झाले. पुढे साठच्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई रेखाटली गेली आणि जून फोरे हिने तिला आयरिश ढंगाचा आवाज दिला. नव्वदच्या दशकात थिया व्हिडेल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडून संवाद पुन्हा बोलून घेतले गेले. दोन्ही वेळा पुसला गेला तो रँडॉल्फचाच आवाज. साचा ज्यांनी घडवला, त्यांची नावे मात्र शीर्षकात ठळकपणे कायम राहिली. या दुरुस्तीतली ही गोष्ट मला फार खटकते.

‘लूनी ट्यून्स’ या दुसऱ्या कार्टून मालिकेतल्या स्पीडी गोन्झालेझची कथा वेगळी आहे. या मेक्सिकन उंदराचे बाकीचे जातभाई आळशी दाखवले जात, हा आक्षेप रास्तच होता आणि १९९९ च्या सुमारास कार्टून नेटवर्कने अमेरिकेत त्याचे भाग बाजूला ठेवले. पण तो हुशार, चपळ आणि मांजराला पुरून उरणारा, म्हणून अनेक लॅटिनो प्रेक्षकांना आपला वाटत होता. ‘लुलॅक’ या हिस्पॅनिक नागरिकांच्या संघटनेनेही त्याची बाजू घेतली आणि २००२ साली तो परतला. ज्यांचे चित्रण झाले, त्यांचेही एकमुखी मत नसते, हे यातून दिसले.

म्हणून माझी सूचना अशी की, निवडक भाग मूळ आवाजासह दाखवावेत, त्याआधी रँडॉल्फविषयी पाच मिनिटे बोलावे आणि स्फोटानंतर चेहरा काळा करून कृष्णवर्णीयांच्या नकलेवर हशा मिळवणारे प्रसंग असलेले भाग लहान मुलांच्या सत्रात घेऊ नयेत. तेरा वर्षांवरील मुलांसाठी वेगळे सत्र ठेवल्यास तेही दाखवता येतील. चर्चा घडवून आणायला मी तयार आहे.