तारेत ओवलेली बिलं

नमस्कार श्रोतेहो.

घरातलं विजेचं बिल जरा समोर घ्या. म्हणजे, सापडलं तर. हल्ली ते मोबाईलवर येतं, आणि मोबाईलवर आलेलं बिल माणूस भरतो, वाचत नाही. असो, तो माझा जुना राग आहे.

मुंबईत कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीज देते बेस्ट. मूळची 1905 सालची खासगी कंपनी. 7 ऑगस्ट 1947 ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ती महापालिकेची झाली. दिवे आणि बस एकाच घरात नांदतात. ट्रामही होती, 31 मार्च 1964 ला शेवटची धावली. (ती काढायला नको होती, असं मला अजूनही वाटतं.)

आता एकाच घरात दोन चुली म्हटल्यावर या चुलीवरचं त्या चुलीवर जाणारच. बसची तूट काही वर्षं वीजग्राहकांच्या बिलातून वसूल झाली. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 51 म्हणतं, वितरणाच्या पैशावर दुसरा धंदा पोसायचा नाही. पण त्याच कलमाच्या शेवटी सवलत आहे: कायद्याच्या आधीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक संस्थेला हे लागू नाही.

मग लक्ष कोण ठेवणार? दोघं. एक, बेस्ट समिती, म्हणजे आपले नगरसेवक. महाव्यवस्थापकांचा अर्थसंकल्प आधी त्यांच्यापुढे येतो. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होते. म्हणजे एक डोळा मिटलेला. दुसरा डोळा वीज नियामक आयोग. लक्षात ठेवा, दर मागते वीज देणारी संस्था, ठरवतो आयोग. मागणारा वेगळा, ठरवणारा वेगळा. आणि ठरवण्याआधी जनसुनावणी होते. तिथे तुम्ही-आम्ही जाऊ शकतो.

आमचे मामा गेले होते. तेच सांगायला आज आलोय. शहर आणि संस्था मात्र विचारू नका.

मामा गिरणीत हिशेबनीस. घरात खिळ्याला एक तार, खालून वाकवलेली, आणि तीत तीस वर्षांची बिलं ओवलेली. पेपरात सुनावणीची नोटीस आली. मामांनी मुदतीत हरकत लिहून दिली आणि त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, ती तार पिशवीत घालून निघाले. सोबतीला मी. सभागृहात वकील, कारखानदार, जाडजूड फायली. मामांचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर लागला. अर्धं सभागृह पेंगत होतं.

मामांनी तार टेबलावर ठेवली. खणकन आवाज झाला, पेंगणारे जागे झाले. मामा म्हणाले, "साहेब, या तीस वर्षांत माझं बिल एकदाच राहिलं. मुलीच्या लग्नात. चौथ्या दिवशी वायरमन शिडी घेऊन दारात! तुमच्या या दराच्या प्रस्तावात थकबाकीचा आकडा आहे, थकबाकीदार नाहीत. यातलं सरकारी किती? आणि त्यांच्या दाराला शिडी कधी लावता?"

हशा पिकला. आयोगाचे सदस्यही हसले, पण मग संस्थेच्या अधिकाऱ्यांना म्हणाले, "यांना लेखी उत्तर द्या." अधिकारी भला माणूस. त्याने बाहेर मामांना चहा पाजला आणि हळूच म्हणाला, "काका, हे आम्हाला विचारता येत नाही हो. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत."

महिन्याभराने पाकीट आलं. आत तक्ता. त्यात सगळ्यात वरचं नाव होतं खुद्द नगरपालिकेचं. रस्त्यावरचे दिवे! म्हणजे घरचाच मोठा भाऊ उधारीवर.

मामा काही बोलले नाहीत. मधोमध भोक पाडून त्यांनी तो तक्ताही तारेत ओवला. मामी म्हणाली, "हे आपलं बिल नाही, ते कशाला?" मामा म्हणाले, "आपलंच आहे. ही थकबाकी आली नाही म्हणून संस्थेने वीज विकत घ्यायला कर्ज काढलं, तर त्याचं व्याज आपल्या दरातच येतं."

तेवढं एक वाक्य मामांचं लिहून ठेवा. हरकत लेखी द्या, नोटिशीतली तारीख चुकवू नका. लेखी. मुदतीत. संस्थेने दिलेलं उत्तर आणि त्यावरचं आयोगाचं मत, दोन्ही आदेशात छापून येतं.

लेखापरीक्षणाचंही सांगायचं होतं. पण काचेपलीकडून निर्माते घड्याळ दाखवतायत. मामांनी आज पुन्हा वेळ खाल्ली. नमस्कार.