कळा, आणि कानावर पडणारे शब्द

(नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका महिला मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी ओळख करून देताना ‘संमोहन’ हा शब्द आला आणि मागच्या रांगेतल्या एका काकूंनी पर्स छातीशी धरली. काळजी नको, आज इथे कुणी कोंबड्यासारखं आरवणार नाही.

मी डूला आहे. शब्द ग्रीक, मूळ अर्थ दासी. १९७०च्या दशकात डेना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो नव्या आईला आधार देणाऱ्या बाईसाठी वापरला. माझ्या सासूबाईंनी ऐकून लगेच विचारलं, “म्हणजे सुईणच ना गं?” नाही. सुईण बाळंतपण करते, मी करत नाही. मी आतून तपासत नाही, औषध देत नाही, आणि डॉक्टरांनी सिझर करायचं ठरवलं तर आडवी येत नाही. मी खोलीतून हलत नाही, एवढंच. डॉक्टर येतात-जातात, सिस्टरची ड्यूटी बदलते, मी तिथेच असते.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली २६ चाचण्या एकत्र मांडल्या, १५ हजारांवर बायकांच्या. ज्यांच्याजवळ सतत कुणीतरी होतं, त्यांची बाळंतपणं नैसर्गिक होण्याचं प्रमाण थोडं जास्त, सिझर थोडं कमी, आणि नंतर ‘फार वाईट गेलं’ म्हणणाऱ्याही कमी. सरकारी दवाखान्यांतल्या प्रसूतीकक्षांच्या सुधारणेसाठी आपल्या सरकारचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम आहे, त्यातही कळांच्या वेळी सोबतीण असावी असं लिहिलंय. लिहिलंय.

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आई बाहेर बाकावर आणि मी आत, अकरा तास. कळा आता आठवत नाहीत. आठवतं ते एका मावशींचं वाक्य. फरशी पुसता पुसता त्या म्हणाल्या, “आत्ताच एवढं करतेस, मग पुढे काय करशील?” वाईट बाई नव्हत्या हो, त्यांनीच मला नंतर चहा आणून दिला. पण त्या वाक्यानंतर माझी प्रत्येक कळ पुढच्या कळेची धास्ती घेऊन यायला लागली.

याला मी संमोहन म्हणते. कळांमध्ये बाईचं मन इतकं आत वळलेलं असतं की कानावर पडेल ते थेट मुरतं. आणि आपण तर तयारी पाचवीपासून करून घेतो! बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, अमकी अडली होती, तमकीची एकदाची सुटका झाली. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३०च्या दशकात मांडलं होतं की भीतीने अंग आवळतं, आवळलेल्या अंगाला जास्त दुखतं, आणि दुखलं की भीती वाढते. घाबरल्यावर ॲड्रेनलिन वाढतं, त्याने सुरुवातीच्या कळा मंदावूही शकतात. गरोदर बायकांना मी स्वसंमोहन, म्हणजे स्वतःच स्वतःला शांत करणं, शिकवते. तेव्हा माझ्या वर्गात नवीन काही घालण्याआधी जुनं काढायला लागतं.

वर्गात आम्ही करतो ते साधं आहे. चार आकडे श्वास आत, आठ आकडे बाहेर. कळ साधारण मिनिटभर टिकते, म्हणजे असे पाच श्वास. मग डोळे मिटून एका जागी जायचं, रोज वीस मिनिटं, म्हणजे वेळ आल्यावर शरीराला वाट पाठ असते. सुरुवातीला मी इंग्रजी पुस्तिकेतलं जसंच्या तसं मराठीत म्हणायचे, समुद्रकिनारा, मऊ वाळू, लाटा. निफाडकडची एक मुलगी तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ताई, मला समुद्राची भीती वाटते. मी एकदाच गेलेय, तेव्हा चप्पल वाहून गेली.” आणि ‘तुझ्यातली कळी उमलतेय’ म्हटल्यावर तर अख्खा वर्ग हसला. मी पुस्तिका मिटली आणि ज्याची त्याला जागा निवडायला सांगितली. एकीने दुपारचं आईचं स्वयंपाकघर निवडलं, ओटा पुसून झाल्यानंतरचं. निफाडच्या मुलीने वडिलांची द्राक्षबाग निवडली. मांडवाखालची सावली, ठिबकच्या नळीतून टपकणारं पाणी.

आता हिशेब खरा सांगते, कारण मी एकदा खोटा सांगितलाय. माझ्या पहिल्या पत्रकावर ‘वेदनारहित प्रसूती’ असं छापलं होतं. त्या वर्षी एका मुलीला सिझर करावं लागलं. बाळाचे ठोके मंदावले होते, निर्णय अगदी योग्य होता. मी भेटायला गेले तर टाके सांभाळत उठून बसली आणि म्हणाली, “सॉरी ताई, मला नाही जमलं.” तिने माझी माफी मागितली! घरी येऊन उरलेली पत्रकं मी रद्दीत टाकली.

ब्रिटनमध्ये ६८० पहिलटकरणींवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ साली आले. स्वसंमोहन शिकलेल्यांनी एपिड्यूरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, काही कमी घेतलं नाही. पण प्रत्यक्षात भीती आणि काळजी त्यांनी आधी धरली होती त्याहून कमी निघाली. मी तेवढंच देऊ शकते. एपिड्यूरल हवं तर खुशाल घ्या, आकडे मी तेव्हाही मोजीन. आणि मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, मग माझ्याकडे या. आपल्याकडे डूलाला सरकारी परवाना लागत नाही, म्हणून हे विचारण्याची जबाबदारी तुमचीही आहे.

निफाडच्या मुलीचं राहिलंच. रात्री एकला पाणी गेलं, तीनपर्यंत श्वास छान चालला होता. मग बाळाचं डोकं पाठीकडे रुतलं आणि ती ओरडली, “मांडव-बिंडव काही दिसत नाहीये ताई, कंबर दाबा!” मी माकडहाडाच्या वरच्या चपट्या हाडावर तळहात रोवला आणि कळ आली की अंगाचा भार टाकला, कळ गेली की सोडला. मध्ये तिच्या आईने हात बदलून दिला, तेव्हा मी पाणी प्यायले. आकडे आम्ही दोघी मोजत होतो. तीही मोजत होती, शिव्या देत, पण आठपर्यंत. सव्वासहाला मुलगी झाली. त्या दिवशी घरी जाताना मला स्कूटीचा ब्रेक दाबवेना.