घरचं मैदान: फिट्झरॉय क्लबची अखेर

[सकाळ. दवाने ओलं गवत. जुनी लाकडी ग्रँडस्टँड, रिकामे बाक. लांबून ट्रॅमची घंटा.]

मेलबर्नच्या मध्यवस्तीतून अकरा नंबरची ट्रॅम उत्तरेला निघते. कॅफे, पुस्तकांची दुकानं, जुन्या कपड्यांची दुकानं मागे टाकत ब्रन्सविक स्ट्रीट संपवते. तिथे एडिनबरा गार्डन्स ही बाग लागते, आणि बागेच्या कोपऱ्यात हे मैदान.

ही ग्रँडस्टँड १८८८ सालची आहे. खांबांवरचं नक्षीकाम बघा. बाकांच्या फळ्या बघा. इथे बसून लोकांनी एकाच क्लबसाठी ऐंशीहून जास्त हिवाळे आरडाओरडा केला. त्या क्लबचं नाव फिट्झरॉय फुटबॉल क्लब.

[एक मुलगी कुत्र्याला घेऊन मैदान ओलांडते. चार उंच खांब.]

हे चार खांब म्हणजे इथल्या खेळाची खूण. मेलबर्नच्या क्रिकेटवाल्यांनी हिवाळ्यात अंग तयार राहावं म्हणून एक खेळ बसवला आणि १८५९ साली त्याचे नियम कागदावर आणले. मैदान क्रिकेटचंच, अंडाकृती. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू हातात धरून पळायचं, मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यायचा, लाथेने उंच उडवायचा, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर चढून तो झेलायचा. मधल्या दोन खांबांतून लाथ मारून चेंडू नेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. लोक याला प्रेमाने 'फुटी' म्हणतात. बॉक्सिंग डेच्या कसोटीमुळे आपल्याला माहीत असलेलं एमसीजी हे हिवाळ्यात या खेळाचं माहेरघर असतं.

[जुनी छायाचित्रं: मिशाळ खेळाडू, गडद लाल जर्सी.]

फिट्झरॉय क्लब १८८३ सालचा. पुढच्या वर्षापासून ब्रन्सविक स्ट्रीटचं मैदान त्याचं घर झालं. १८९७ साली आठ क्लबांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग खेळायला सुरू झाली, त्या आठांमध्ये फिट्झरॉय होता. लीगच्या दुसऱ्याच वर्षी तो विजेता ठरला, तिसऱ्या वर्षी पुन्हा. एकंदर आठ जेतेपदं: १८९८, १८९९, १९०४, १९०५, १९१३, १९१६, १९२२ आणि १९४४.

यातल्या १९१६ची गोष्ट आजही इथले म्हातारे हसत सांगतात. पहिल्या महायुद्धामुळे चारच संघ खेळत होते. साखळीत फिट्झरॉय बारा सामन्यांपैकी दोन जिंकला, एक बरोबरीत सुटला, आणि तळाला राहिला. पण चारांपैकी चारही संघ बाद फेरीत जाणार होते. तिथे फिट्झरॉयने एकही सामना हरला नाही. एकाच वर्षी शेवटचा नंबरही त्याचा आणि जेतेपदही त्याचंच.

[पार्लमेंट गार्डन्स. सर डग निकोल्स आणि लेडी ग्लॅडिस निकोल्स यांचा पुतळा.]

या पुतळ्यासमोर आम्ही बराच वेळ थांबलो. डग निकोल्स आदिवासी समाजातले. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, आणि पाय वाऱ्यासारखे. आधी ते कार्लटन क्लबकडे गेले होते, पण त्यांच्या रंगामुळे तिथे त्यांना टिकू दिलं नाही. १९३२ साली फिट्झरॉयने त्यांना घेतलं. त्या वेळी संघात हेडन बंटन होता. बंटन म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवणारं ब्राउनलो पदक तीनदा मिळवलेला माणूस. बुजलेल्या डगला ड्रेसिंग रूममध्ये त्याने आपल्याजवळ बसवून घेतलं. निकोल्स पुढे पाद्री झाले, आपल्या लोकांच्या हक्कांसाठी झगडले, आणि १९७६ साली साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. आज लीगमध्ये दरवर्षी त्यांच्या नावाची फेरी खेळली जाते.

फिट्झरॉय हा कामगारांचा भाग. छोटी घरं, बुटांचे कारखाने, भाड्याच्या खोल्या. शनिवारी दुपारी अर्धी वस्ती चालत मैदानावर यायची. क्लब आणि वस्ती यांच्यात फक्त एक रस्ता होता.

[वीस मजली चार इमारती. वाळत घातलेले कपडे. खाली मुलं खेळताहेत.]

मग सरकारने झोपड्या आणि जुनी घरं पाडून हे मनोरे उभे केले. काही कुटुंबं लांबच्या उपनगरांत गेली, नवी कुटुंबं परदेशातून आली. आणि त्याच दशकात क्लबने मैदान सोडलं. मैदान जुनं झालं होतं, सोयी अपुऱ्या होत्या, आणि ताबा क्लबच्या हातात नव्हता. १९६६ हा ब्रन्सविक स्ट्रीटवरचा शेवटचा हंगाम.

फिट्झरॉयची अखेर सांगताना सगळे १९९६ पासून सुरुवात करतात. पैसे संपले, कर्ज झालं, क्लब बुडाला. आमच्या मते ही गोष्ट तीस वर्षं आधी, या फाटकापाशी सुरू होते.

[नकाशा. एकेक मैदान उजळतं.]

बिऱ्हाडं मोजू या.

पहिलं, प्रिन्सेस पार्क, १९६७ ते १९६९. हे कार्लटनचं घर. फिट्झरॉय तिथे भाडेकरू.

दुसरं, जंक्शन ओव्हल, १९७० ते १९८४. हे सेंट किल्डामध्ये, यारा नदीच्या पलीकडे, समुद्राजवळ. जुन्या पाठीराख्यांना आता अख्खं शहर ओलांडून 'घरी' जावं लागायचं.

तिसरं, व्हिक्टोरिया पार्क, १९८५ आणि १९८६. कॉलिंगवुडचं मैदान. फिट्झरॉय आणि कॉलिंगवुड या दोन वस्त्यांच्या मधे स्मिथ स्ट्रीट हा एकच रस्ता आहे. ज्या शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर केलं, त्याच्याच अंगणात पाहुणे म्हणून उतरायचं.

चौथं, परत प्रिन्सेस पार्क, १९८७ ते १९९३.

पाचवं, वेस्टर्न ओव्हल, १९९४ ते १९९६. फुट्सक्रे क्लबचं मैदान, पश्चिमेला.

तीस वर्षांत पाच बिऱ्हाडं. मैदान आपलं नसेल तर प्रेक्षक रुळत नाहीत. स्टँडमधली ठरलेली जागा राहत नाही, शेजारी बसणारा ओळखीचा राहत नाही. शेजारच्या पोराला हात धरून कुठे घेऊन जायचं, हेच दरवेळी नव्याने ठरवायचं.

[टीव्हीची जुनी फीत. उंच झेल, लांब लाथा, चिखल.]

आणि तरीही हा संघ खेळत होता. केविन मरे क्लबसाठी ३३३ सामने खेळला, १९६९ साली त्याला ब्राउनलो मिळालं. १९७९ साली फिट्झरॉयने मेलबर्न क्लबला २३८ विरुद्ध ४८ असं हरवलं. १९० गुणांचा फरक. लीगच्या इतिहासात एवढ्या फरकाने दुसरं कोणी जिंकलेलं नाही. १९८३ साली बर्नी क्विनलनने एका हंगामात ११६ गोल मारले.

हे बघा, १९८६. बाद फेरी, समोर एसेंडन, मैदान म्हणजे नुसता चिखलाचा राडा. अखेरच्या क्षणांत मिक कॉनलनच्या पायातून गोल. फिट्झरॉय एका गुणाने पुढे.

[कॉनलन धावतो. दोन्ही हात वर. आवाज तसाच राहू द्यावा.]

त्या वर्षी संघ अंतिम सामन्यापासून एक पाऊल लांब राहिला. त्यानंतर तो कधीच बाद फेरीत गेला नाही.

लीग तोवर बदलत होती. १९८२ साली साउथ मेलबर्न क्लब उचलून सिडनीला नेला. १९८७ साली पर्थ आणि ब्रिस्बेनचे नवे संघ आले. १९९० साली व्हिक्टोरियाची लीग 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग' झाली. मग ॲडलेड, मग फ्रीमँटल. पोर्ट ॲडलेडलाही शब्द देऊन झाला होता, पण संघ सोळाच ठेवायचे होते. म्हणजे कोणाला तरी जावं लागणार होतं. आणि कोणी जायचं, हे शहरातल्या प्रत्येक पेपरवाल्याला पाठ होतं.

१९८९ साली फुट्सक्रे आणि फिट्झरॉय यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. 'फिट्झरॉय बुलडॉग्ज' असं नावही ठरलं. पण फुट्सक्रेची वस्ती रस्त्यावर उतरली. दारोदारी डबे फिरवून पैसा उभा केला आणि आपला क्लब सोडवून आणला. तोच क्लब २०१६ साली लीगचा विजेता झाला. त्यांच्याजवळ मैदान होतं आणि मैदानाभोवती त्यांची माणसं होती. फिट्झरॉयची माणसं तोवर चार दिशांना पांगली होती.

क्लबने होबार्टला जाऊन सामने खेळून पाहिले. कर्ज काढलं. चांगले खेळाडू एकेक करून गेले: ॲलिस्टर लिंच ब्रिस्बेनला, पॉल रूस सिडनीला.

[नाउरू बेटाचा हवाई नकाशा.]

कर्ज देणाऱ्यांत नाउरू होतं. प्रशांत महासागरातलं, फॉस्फेटवर श्रीमंत झालेलं चिमुकलं बेट, जिथे फुटी राष्ट्रीय खेळ मानला जातो. थकलेली रक्कम होती साधारण साडेबारा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. एका राष्ट्रीय लीगच्या हिशेबात ही रक्कम किती, याचा विचार प्रेक्षकांनीच करावा. जून १९९६च्या अखेरीस क्लबवर प्रशासक नेमला गेला.

'प्रशासक' या शब्दाचा अर्थ आपल्याकडे सहकारी बँकेच्या ठेवीदाराला नीट कळतो. सही एकाची चालते, सभासद दाराबाहेर.

क्लबच्या संचालकांचं नॉर्थ मेलबर्नशी बोलणं बरंच पुढे गेलं होतं. निदान शहर तेच राहिलं असतं. पण नॉर्थ मेलबर्न तेव्हा जोरात होता, आणि त्याला आणखी खेळाडू मिळाले तर भारी पडेल, ही भीती इतर क्लबांना होती. ४ जुलै १९९६ रोजी जाहीर झालं: फिट्झरॉयचं विलीनीकरण ब्रिस्बेन बेअर्सशी, दुसऱ्या राज्यात.

फिट्झरॉयच्या सभासदांनी यावर मतदान केलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेलबर्न आणि हॉथॉर्न यांच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव आला, तेव्हा दोन्हीकडच्या सभासदांना मत देता आलं. हॉथॉर्नवाल्यांनी नाही म्हटलं, आणि दोन्ही क्लब आजही आहेत. ही एक गोष्ट लक्षात राहावी म्हणून हा माहितीपट आम्ही केला.

[२५ ऑगस्ट १९९६. एमसीजी.]

मेलबर्नमधला शेवटचा सामना, रिचमंडविरुद्ध. त्या हंगामात संघाने एकच सामना जिंकला होता. तरी त्या दिवशी जवळजवळ ४९ हजार लोक आले. रिचमंड १८७, फिट्झरॉय ३६.

[निवेदन नाही. स्टँडमधले चेहरे. मफलर. खेळाडू मैदानाला फेरी मारताना.]

पुढच्या रविवारी, १ सप्टेंबरला, पर्थच्या सुबियाको ओव्हलवर फ्रीमँटलविरुद्ध शेवटचा सामना. वर्षातला एकुलता एक विजयही फ्रीमँटलविरुद्धच होता. या वेळी ८६ गुणांनी हार. सायरन वाजला, आणि लीगमधल्या शंभर हंगामांचा हिशेब संपला.

आठ खेळाडू ब्रिस्बेनला गेले, बाकीचे जिथे जागा मिळाली तिथे. पाठीराख्यांपैकी काहींनी ब्रिस्बेन आपलं मानलं, काहींनी दुसरा क्लब धरला, काहींनी फुटी बघणंच सोडलं.

विलीनीकरणातून झालेल्या ब्रिस्बेन लायन्सने २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन जेतेपदं घेतली. तिन्हींत फिट्झरॉयचा क्रिस जॉन्सन होता. जर्सीवर फिट्झरॉयचाच सिंह राहिला. क्लबगीताची चालही तीच, फ्रान्सच्या राष्ट्रगीताची.

[पुन्हा ब्रन्सविक स्ट्रीट. शनिवार दुपार. मैदानाच्या कडेने लोक उभे.]

फिट्झरॉय क्लब कागदावरून पुसला गेला नव्हता. प्रशासक गेला, देणी फिटली, आणि २००९ पासून फिट्झरॉय नावाचा संघ हौशी लीगमध्ये पुन्हा याच मैदानावर उतरतो. इथे कोणाला लाखोंचा करार मिळत नाही. तिकिटासाठी रांग नाही. लोक कुत्रे घेऊन येतात, बाबागाड्या घेऊन येतात, आणि १८८८ सालच्या या बाकांवर बसतात.

ते आजोबा बघा, तिसऱ्या ओळीत. मफलर जुनं आहे, लोकर उसवली आहे. शेजारी नात आहे. चेंडू उडाला की आजोबा बोट करून दाखवतात.

[सायरन. खेळाडू गोल करून उभे राहतात, खांद्यावर हात टाकतात. गाणं सुरू होतं. शेवटपर्यंत चालू द्यावं.]