मालिन्त्सिन काय बोलली?

कोलंबस १४९२ साली निघाला तेव्हा त्याने एक दुभाषी बरोबर घेतला होता, लुइस दे तोरेस नावाचा. त्याला हिब्रू येत होती, आरामाइक येत होती, थोडीफार अरबीही येत होती. आशियाला जायचं तर या भाषा उपयोगी पडतील असा हिशेब होता. १२ ऑक्टोबरला ग्वानाहानी बेटावर जी माणसं सामोरी आली त्यांना यातली एकही भाषा कळत नव्हती. मग खाणाखुणा सुरू झाल्या. इकडून लाल टोप्या आणि काचेचे मणी, तिकडून पोपट आणि सुताचे गुंडे. कोलंबसने त्यांना तलवारी दाखवल्या, तर त्यांनी त्या पात्याला धरल्या आणि हात कापून घेतले, असं त्या दिवशीच्या रोजनिशीत आहे. त्याच नोंदीत तो म्हणतो की यातली सहा माणसं मी राजाराणीकडे नेईन, म्हणजे ती बोलायला शिकतील. बोलायला! अहो, ती माणसं बोलतच होती.

ही नोंद वाचल्यापासून स्पॅनिशांनी अमेरिका जिंकल्याच्या इतिहासाकडे मी एकच प्रश्न घेऊन जातो: मधे उभं राहून बोलत कोण होतं? घोडे, तोफा, देवीची साथ यांविषयी आपण पुष्कळ वाचलेलं असतं. पण १५१३ नंतर स्पॅनिश सैन्य हल्ल्याआधी एक जाहीरनामा वाचून दाखवायचं. पोपचं आणि राजाचं स्वामित्व मान्य करा, नाहीतर युद्ध होईल, तुम्हाला गुलाम केलं जाईल, आणि दोष तुमचाच राहील. हे सगळं स्पॅनिशमध्ये, कधी तर ओस पडलेल्या गावापुढे. ऐकणाऱ्याला कळलं का, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

आता मेक्सिकोकडे येऊ. हेरोनिमो दे आगिलार हा स्पॅनिश माणूस १५११ मध्ये जहाज फुटून युकातानच्या किनाऱ्याला लागला आणि आठ वर्षं माया लोकांत राहिला. त्याच्याबरोबरचा गोन्सालो गेरेरो तर तिथेच रमला. लग्न केलं, तोंडावर गोंदवलं, कान टोचले, मुलं झाली. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस आला तेव्हा आगिलार परतला, गेरेरो परतला नाही.

त्याच वर्षी ताबास्कोच्या लढाईनंतर हरलेल्या लोकांनी कोर्तेसला वीस बायका नजर केल्या. त्यात एक तरुण मुलगी होती. तिची मायबोली नाहुआत्ल, म्हणजे मध्य मेक्सिकोतली भाषा. लहानपणीच ती गुलाम म्हणून माया मुलखात गेली आणि तिथली भाषा शिकली. स्पॅनिशांनी तिला बाप्तिस्मा देऊन मारिना हे नाव ठेवलं. नाहुआत्लमध्ये 'र' नाही, म्हणून मालिना, आणि पुढे 'त्सिन' लागलं. 'त्सिन' म्हणजे आपण नावापुढे 'जी' लावतो तसं आदराचं. भेट म्हणून दिलेल्या मुलीला तिच्या भाषेतली माणसं मालिन्त्सिन म्हणू लागली.

सुरुवातीला कोर्तेसचं एक वाक्य असं जाई: तो आगिलारला स्पॅनिशमध्ये सांगणार, आगिलार तिला मायामध्ये, ती पुढच्याला नाहुआत्लमध्ये. उत्तर त्याच वाटेने उलटं. लवकरच ती स्पॅनिश शिकली आणि आगिलारची गरज संपली.

८ नोव्हेंबर १५१९. तेनोच्तित्लान ही मेशिकांची, म्हणजे आपण ज्यांना अ‍ॅझ्टेक म्हणतो त्यांची, राजधानी. तिथल्या तळ्यातल्या बांधरस्त्यावर त्यांचा राजा मोक्तेझुमा पालखीतून उतरला. कोर्तेस मिठी मारायला पुढे झाला, तर बरोबरच्या सरदारांनी त्याला अडवलं. गळ्यातल्या माळा एकमेकांना दिल्या. मग मोक्तेझुमा बोलला. कोर्तेसने राजाला लिहिलेल्या पत्रानुसार, त्याने आपलं राज्यच स्पेनच्या स्वाधीन केलं. नाहुआ, म्हणजे नाहुआत्ल बोलणाऱ्या, लोकांनी पुढे आपल्या भाषेत लिहून ठेवलेल्या वृत्तांतात स्वागताचे शब्द आहेत: आपण दमून आलात, आपल्या नगरात आलात, विसावा घ्या. दरबारी नाहुआत्लमध्ये थोर माणूस स्वतःकडे कमीपणा घेऊन बोलत असे. आपणही पाहुण्याला म्हणतो, या, घर आपलंच आहे. म्हणून कुणी सातबारा पाहुण्याच्या नावावर करत नाही. ती नम्रता स्पॅनिशमध्ये उतरताना वाटेत गळली, की कोर्तेसने ती आपल्या सोयीने वाचली? माझा संशय कोर्तेसवरच जास्त आहे. क्युबाच्या स्पॅनिश गव्हर्नरने दिलेल्या परवानगीच्या पलीकडे तो गेला होता आणि राजाला दाखवायला त्याला कायदेशीर आधार हवा होता.

मेक्सिकोत परक्याच्या मागे लागणाऱ्याला आजही मालिन्त्सिनच्याच नावावरून 'मालिंचिस्ता' म्हणून हिणवतात. मला हा अन्याय वाटतो. तिने फितुरी केली म्हणता, पण कुणाशी? तेनोच्तित्लानचे मेशिका तिचे कोण लागत होते? नाहुआत्ल बोलणारे सगळे एक, ही समजूत नंतरची आहे. शेजारच्या त्लाश्काला राज्याचे लोकही नाहुआत्लच बोलत, आणि मेशिकांशी पिढ्यान् पिढ्या लढत होते. त्यांचे हजारो योद्धे नसते तर १३ ऑगस्ट १५२१ ला ते शहर पडलं नसतं.

कोर्तेसच्या त्या पत्रात तिचं नाव नाही. दुभाष्याला स्पॅनिशमध्ये 'जीभ' म्हणत, आणि तो तेवढंच लिहितो: माझी जीभ, या देशातली एक बाई. त्लाश्कालाच्या चित्रकारांनी मात्र हीच हकीकत कापडावर रंगवली तेव्हा कित्येक प्रसंगांत तिला मधोमध उभं केलं, पुरुषांच्या बरोबरीने, हात पुढे करून बोलताना. आणि स्थानिक लोक कोर्तेसला काय म्हणत, तर मालिंचे. मालिन्त्सिनचा तो.